आधी माझी छाती बघा

कुरुंद्याच्या एका हळद कारखान्यात मी पॉलिशचा ड्रम चालवायचो. ड्रम फिरला की हळकुंडाची साल निघते आन् शेडभर पिवळा धुरळा उठतो. घरी गेलो की बायको म्हणायची, "आले नवरदेव!" हळद म्हणजे औषध, पोटात गेली तर गुणच येईल, असं आमच्यातल्या एकूणएकाला वाटायचं. मालकालाबी. कोणी खोकलं की तो म्हणायचा, "फुकट औषध मिळून राहिलं, अजून काय पायजे?" आन् मी बैल त्याच्यासंगं हसायचो.

हसायची न्हाई ती एकटी पद्माबाई. हळकुंडं निवडणाऱ्या बायांची ती मुकादम, आमी सगळे तिला माय म्हणायचो. वीस वर्षं त्याच धुरळ्यात बसलेली, तोंडाची लई फटकळ. "काहून रे जळबा, पीठ नाकात गेलं तर भाकर खाल्ल्यावानी पोट भरतं काय?" असं तिनं मला चारचौघांत विचारलं. मी आपला ड्रम चालू केला.

२००३च्या हंगामात तांड्यावरचा कुलदीप माझ्या ड्रमवर आला. एकोणीस वर्षांचं पोरगं, नुकतंच लग्न झालेलं. मे लागेस्तोवर पोतं उचललं की त्याला दम लागायला लागला. माय त्याच्या तोंडाला ओला रुमाल बांधायची, ते लाजून काढून टाकायचं. शेवटी माय मालकाकडं गेली. ड्रमला पत्र्याचं झाकण करा, पोरांना डॉक्टरला दाखवा, म्हणाली. मालक न्हाई म्हणाला. दुसऱ्या दिवशी एकबी बाई निवडायला बसली न्हाई, तिसऱ्या दिवशीबी न्हाई. मग मालक नमला. पण बोललाच, "डॉक्टर आणतो. ज्याची छाती खराब निघंल, त्यानं घरी बसायचं."

झालं! वसमतचा डॉक्टर शेडात खुर्ची टाकून बसला, आन् एकबी पोरगं पुढं होईना. कुलदीप तर पोत्यांच्या थप्पीमागं लपला.

"चल रे लेकरा," माय म्हणाली.

"न्हाई माय. काम गेलं तर घरी काय तोंड दाखवू?" एवढं बोलतानाबी त्याची छाती भात्यावानी हलत होती.

मला वाटलं, आता माय शिव्या घालती. तिनं पदर खोचला आन् डॉक्टरसमोर जाऊन बसली. "आधी माझी छाती बघा."

डॉक्टर लई वेळ नळी लावून ऐकत राहिला. मग हळूच म्हणाला, "मावशी, किती दिवसांची तकलीफ आहे?"

"झाली आठ वर्षं."

रोज आमच्यासंगं जेवणारी बाई, आन् आमाला पत्ता न्हाई! माझी मान खाली गेली.

माय बाजूला उभ्या मालकाकडं वळली. "माझी छाती खराब हाय. काढा मला. आत्ता, सगळ्यांसमोर."

एकेक बाई उठून तिच्यामागं उभी राहिली. मालक पुटपुटला, "कोणालाच काढत न्हाई."

"मोठ्यानं बोला."

तो मोठ्यानं बोलला.

तवा कुठं कुलदीप थप्पीमागून निघाला आन् शर्टाच्या गुंड्या सोडत तिच्या जागेवर बसला. त्याचं दुखणं वेळेवर सापडलं. दिवाळीपर्यंत पोरगं पहिल्यासारखं झालं. ड्रमला झाकण बसलं, डॉक्टर दर महिन्याला यायला लागला.

माय मातर बरी झाली न्हाई. "आठ वर्षांपूर्वी दाखवलं असतं तर," डॉक्टर म्हणाला. तवा मायच्या आधी जाऊन बसणारं कोणी नव्हतं.