भिंतीबाहेरचा पाइप

हैदराबादेत नारायणगुड्यापासून नामपल्लीपर्यंत जेवढी मराठी घरं आहेत, त्यातल्या निम्म्या घरांत हिमायतनगरच्या कुसुमताई हळदीकुंकवाला जाऊन आलेल्या आहेत. त्या येऊन गेल्या की दोन गोष्टी होतात. सवाष्णीला कुंकू लागतं आणि घरातला गळका नळ बंद होतो. पर्समध्ये रुमाल, सुपारीची डबी, आणि तळाशी पाना. यजमानीणबाई मनगटाला अत्तर लावत असतात आणि ह्यांचा कान मोरीकडे लागलेला असतो.

"बाई गं, तुझा नळ रडतोय," म्हणायचं आणि पदर खोचून आत. बाहेर येताना कुजलेला वायसर दोन बोटांत धरून आणायचा, उंदीर पकडल्यासारखा, आणि चारचौघींत फिरवायचा. एका घरी तर वाणाच्या वाटीतच तो ठेवला आणि वर म्हणाल्या, तुझं वाण मला, माझं तुला.

ही विद्या माहेरची. माहेर उदगीरकडचं. अंगणात हातपंप होता. तो पाणी उचलेनासा झाला की तालुक्याहून मिस्त्री यायचा, तोही त्याला सवड झाली तर. कुसुमला तेवढा धीर कुठला. एके दिवशी तिनं पंप खोलला, आतली चामड्याची चकती झिजलेली पाहिली, आणि वडिलांच्या चपलेचा तळ कापून, तेलात बुडवून, तशीच नवी चकती करून बसवली. पंप धो धो वाहायला लागला. चूक एवढीच झाली की चप्पल जुनी नव्हे, नवी निघाली. त्या आठवड्यात वडील बाजाराला अनवाणी गेले, पण येताना लेकीसाठी पाना घेऊन आले. पर्समध्ये असतो तो हाच.

नवरा मिळाला मुकुंदराव. माणूस देवासारखा, पण नळाच्या बाबतीत राक्षस. नळ थांबला की बंद झाला हे त्यांना कधी पटलंच नाही. थांबल्यावर आणखी एक पीळ द्यायचा, मग मनाला शांती. त्यामुळे संसाराची वाटणी आपोआप झाली. ते आवळायचे, त्या बदलायच्या.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना मुलगा गौतम आणि सून शर्वरी यांनी घर नवं करायला काढलं. शर्वरी पुण्याची, मोठ्या कंपनीत कामाला, बोलायला गोड आणि ठरवलेलं न सोडणारी. जुने लोखंडी पाइप काढायचे यावर कुणाचं दुमत नव्हतं. उलट कुसुमताईच सर्वांत पुढे. त्यांनी एक तुकडा कापून जेवणाच्या टेबलावर आणून ठेवला. आत गंज आणि क्षार साचून भोक उरलं होतं करंगळीएवढं. हैदराबादचं बोअरचं पाणी, त्यात डाळ शिजत नाही, पाइप काय टिकणार. त्यामुळे गरम पाणी सोसणारे प्लास्टिकचे पाइप घालायचे, पिण्याचं नळाचं पाणी आणि बोअरचं पाणी यांच्या लायनी वेगळ्या करायच्या, नळ जड पितळेचे घ्यायचे, हे सगळं त्यांनीच ठरवून टाकलं.

भांडण झालं ते पाइप कुठून न्यायचे यावर. शर्वरीला ते भिंतीच्या आत हवे होते. बाहेर पाइप म्हणजे गोदाम वाटतं, असं तिचं म्हणणं. कुसुमताईंना ते बाहेर हवेत, डोळ्यांसमोर.

"आजारी माणसाला कपाटात कोंडून ठेवतात का गं? पाइप आज ना उद्या आजारी पडायचाच. दिसला तर औषध देता येईल."

"आई, नवे पाइप आजारी पडत नाहीत," शर्वरी म्हणाली.

"नव्या सुनाही पडत नाहीत पहिलं वर्षभर," कुसुमताई म्हणाल्या. मुकुंदराव उठून वर्तमानपत्र शोधायला गेले. ते हातातच होतं.

शेवटी गौतमनं तोड काढली. आधी वरचा मजला करायचा, शर्वरीच्या मनासारखा, सगळे पाइप भिंतीत. काम पुरं झालं की सत्यनारायण. पूजेच्या दिवसापर्यंत वर पाण्याचा एक थेंब जरी गळला, तर खालच्या मजल्याचे पाइप आईच्या मनासारखे बाहेर. नाही गळला तर खालचेही भिंतीत. कुसुमताईंनी हो म्हटलं, पण रात्रभर त्यांना भिंतीत चिणल्यासारखं वाटत राहिलं. खालचा मजला म्हणजे त्यांचं स्वयंपाकघर, त्यांची मोरी. तिथलं पाणी भिंतीत गेलं की पाना पर्समधून काढून देव्हाऱ्यातच ठेवायचा.

कामाला प्लंबर आला वाजिदभाई, अफझलगंजकडचा. शर्वरी त्याला फोनवर चित्रं दाखवायची आणि कुसुमताई त्याला थालीपीठ द्यायच्या. वरच्या लायनीचं पाणी बंद करायचा कॉक एका नक्षीदार कपाटाच्या आत बसवायचा ठरला होता. कुसुमताईंनी वाजिदभाईला हळूच सांगितलं, मागच्या सज्जातही एक कॉक बसवून ठेव.

"नक्को अम्मा," तो म्हणाला, "बहू देखे तो मेरेकू घर भेज देते."

"बहू को झाडां का शौक नहीं. मैं कुंडी रख देती सामने."

वाजिदभाईनं दुसऱ्या थालीपिठाकडे पाहिलं आणि हौ म्हणाला. कॉक बसला. त्याच्यापुढे गवती चहाची कुंडी बसली.

आता बघा, जिनं आयुष्यभर गळकी तोटी दिसली की हातातला घास खाली ठेवला, ती बाई एक थेंब गळावा म्हणून देव पाण्यात ठेवून बसली. दुपारी मुलं कामावर गेली की वर जायची आणि भिंतीला कान लावायची. भिंत मुकी. वाजिदभाईनं थालीपिठाला जागून काम चोख केलं होतं. कधी नव्हे तो चांगला कारागीर तिला नकोसा झाला.

पूजेच्या आधल्या दुपारी मात्र मनात पाप आलं. बेसिनखालची नळी होती, तिचा नट जरासा सैल केला तर कुणाला कळणार? फार नाही, एक थेंब. कुसुमताई खाली वाकल्या, पाना लावला. आणि हाताची सवय अशी दगलबाज, की हातानं डावीकडे फिरवायचं सोडून उजवीकडे फिरवलं. सैल करायला गेलेल्या बाईनं नट आणखी घट्ट करून ठेवला. पुन्हा प्रयत्न केला, तर नळाच्या तोंडाच्या जाळीत क्षार अडकलेला दिसला. राहवलं नाही. जाळी काढली, सिरक्यात भिजवली, घासली, परत बसवली. खाली आल्या तेव्हा शर्वरीचं बेसिन आधीपेक्षा झकास चालत होतं आणि कुसुमताई स्वतःवर इतक्या चिडल्या होत्या की त्यांनी मुकुंदरावांना विनाकारण चहा दिला नाही.

पूजेच्या दिवशी शर्वरीची आई, उषाताई, पुण्याहून आल्या. नवी पैठणी, नाकात मोत्याची नथ. वरचा मजला पाहून त्या म्हणाल्या, आमच्याकडे पुण्यात सगळं असंच आतून असतं. कुसुमताईंनी त्यांना पंचामृत जरा जास्तच दिलं, बोलणं थांबावं म्हणून.

पूजा झाली, आरती झाली, प्रसाद वाटला. कुठे थेंब नाही. गौतम आईकडे बघून मिशीत हसला. कुसुमताई हरल्याच होत्या. त्या चहाचा कप घेऊन जिन्याजवळच्या खुर्चीत बसल्या.

तेवढ्यात मुकुंदरावांना आठवलं की वडिलांची, म्हणजे नामदेवरावांची तसबीर अजून खालीच आहे. गेलेल्या माणसाची तसबीर दक्षिणेच्या भिंतीवर लागते. दक्षिणेची भिंत म्हणजे दिवाणखान्याची, जिच्या पलीकडे नवं न्हाणीघर. हातोडी आली, खिळा आला. जागा कुणी दाखवायची? उषाताईंनी. आता कुणी म्हणेल यात कुसुमताईंचा हात होता, तर नाही. त्या खुर्चीतून हलल्या नव्हत्या. उषाताईच म्हणत होत्या, अजून जरा वर, अजून डावीकडे, हं, इथे छान दिसेल.

मुकुंदरावांनी खिळा ठोकला. पूर्ण बसला. पण नळ बंद झाल्यावर आणखी एक पीळ देणारा हा माणूस. त्यांनी आणखी एक घाव घातला.

भिंतीतून पाणी आलं. साधं नाही. शॉवर जोरात यावा म्हणून शर्वरीनं खास पंप बसवून घेतला होता. त्या पंपाचं सगळं कौतुक त्या एका भोकातून बाहेर पडलं, ते थेट नामदेवरावांच्या तसबिरीवर, आणि तिथून उडून उषाताईंच्या पैठणीवर. नामदेवराव हयातीत एका तांब्यात आंघोळ उरकायचे. असा अभिषेक त्यांना उभ्या जन्मात घडला नव्हता.

मग जी धांदल उडाली ती विचारू नका. मुकुंदराव भोकावर अंगठा धरून उभे राहिले, तर पाणी अंगठ्याच्या दोन्ही बाजूंनी दुप्पट उडायला लागलं. शर्वरी कॉककडे धावली, तर सुतारानं त्या नक्षीदार कपाटाचं दार असं बसवलेलं की पुढचा नवा सोफा सरकवल्याशिवाय उघडत नव्हतं, आणि सोफ्यावर गुरुजी बसलेले. गौतमनं प्लास्टर करण्यापूर्वी सगळ्या भिंतींचे फोटो काढून ठेवले होते, हे त्यानं मोठ्यानं सांगितलं आणि तो भर पाण्यात उभा राहून फोनमध्ये ते शोधायला लागला. बिर्याणीचे निघाले, सहलीचे निघाले, भिंतीचे काही निघेनात.

कुसुमताई उठल्या. सज्जाच्या दारापर्यंत गेल्या. मग हातातल्या कपाकडे बघितलं. चहा आल्याचा होता, कडक होता. त्या दारातच उभ्या राहिल्या आणि सावकाश, फुंकर मारत, शेवटच्या घोटापर्यंत प्यायल्या. कप खाली ठेवला, पदर खोचला, कुंडी सरकवली, कॉक फिरवला.

पाणी थांबलं. मुकुंदराव अंगठा काढायला तयार नव्हते.

गौतम वाद घालायला लागला की पाइप गळला नाही, बाबांनी तो फोडला, तेव्हा हे थेंबात धरायचं नाही. निवाडा केला तो विहीणबाईंनी, पैठणीचा पदर पिळता पिळता.

"जावईबापू, पाइप बाहेर दिसत असता, तर मी तिथे खिळा ठोकायला सांगितलं असतं का?"

हैदराबादेतलं भांडण असं पुण्यानं मिटवलं.

खालच्या मजल्याचं काम नंतर झालं, पाइप सगळे बाहेर. शर्वरीनं हट्टानं त्यांना भिंतीचाच रंग दिला, कॉक तेवढे लाल ठेवले, म्हणजे पाहुण्यालाही सापडतील. नामदेवरावांची तसबीर खालच्या दक्षिण भिंतीवर गेली. खिळा ह्या वेळी शर्वरीनं ठोकला, पाइपापासून चांगलं हातभर अंतर ठेवून. मुकुंदरावांना हातोडी मिळाली नाही.

खिळा ठोकून झाल्यावर तिनं चहा केला आणि दोघी मोरीच्या उंबऱ्याशी बसल्या.

"आई, सज्जातला कॉक तुम्हाला ठाऊक होता," शर्वरी म्हणाली. "मग पाणी एवढा वेळ का उडत होतं?"

कुसुमताईंनी नव्या पाइपावरून हात फिरवला. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

"चहा गरम होता गं."

शर्वरीनं मान डोलावली. सासूचा कप उचलला, त्यातला चहा बशीत ओतला आणि बशी त्यांच्यापुढे सरकवली.

"पुढच्या वेळी असा प्या. लवकर निवतो."