सालीखालचा मार

शीतगृहात तिला सगळे 'दुर्बीण' म्हणायचे. पट्ट्यावरून सफरचंदं सरकत आणि टाचणीच्या टोकाएवढा डाग असला, तरी हिचा हात त्यावर पडलाच म्हणून समजा. पण यंदा तिनं पास केलेली फळं सडून दुकानांतून परत येऊ लागली. हिनं मनाशी धरलं, आपले डोळे गेले! हे काम गेलं तर ती करणार काय? घरी सुनेची नजर चुकवून ती सुईत दोरा ओवून बघायची. ओवला जायचा, पण खात्री पटेना.

अशातच मालकानं उजेडानं फळं तपासणारं यंत्र आणलं. ते बसवायला आलेल्या मेकॅनिक पोरीनं बटण दाबलं आणि यंत्रानं एकजात सगळी फळं बाहेर फेकली!

"याच्यापेक्षा माझी सासू बरी होती की!" दुर्बीण म्हणाली. तिला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

मेकॅनिकनं एक फळ गालाला लावलं. "गारठ्यातून काढून थेट इथं ओतलीत ना? ओली आहेत. थेंब चमकतात, त्यांनाच हे यंत्र डाग समजतंय."

फळं पुसली, वाळवली. आता यंत्र शहाण्यासारखं वागू लागलं. दुर्बिणीनं पास केलेलं एक फळ मात्र त्यानं बाजूला ढकललंच.

"याला काय धाड भरलीय?" तिनं ते खिडकीशी नेऊन फिरवून पाहिलं. डाग नावाला नव्हता.

"कापा मावशी."

तिनं कापलं. सालीखाली तपकिरी चट्टा!

"पेटी आपटली की आत मार बसतो. वर दिसायला वेळ लागतो. आपल्याला न दिसणारा उजेड सालीतून आत शिरतो, म्हणून यंत्राला कळतं."

"म्हणजे कुणालाच दिसला नसता?"

"घारीलासुद्धा नाही."

यंत्रानं ढकललेलं दुसरं तिनं कापलं, तिसरं कापलं. तेच! मग सुरी हातात तशीच धरून तिनं पोरीला मिठी मारली.

"अहो, सुरी ठेवा आधी!"

"हरले गं बाई, यंत्रापुढे हरले!" ती ओरडली. बाकीच्या बायकांना वाटलं, हिला वेड लागलं.

तिनं सुनेला फोन लावला. "अगं, डोळे शाबूत आहेत माझे!"

"गेलेत असं कोण म्हणालं होतं?"

"मीच," ती म्हणाली आणि तिथंच पेटीवर बसून रडू लागली.