कण्हेरीच्या कुंड्या

"ओलिएंडर पॉयझनिंग," डॉक्टर म्हणाले. आमच्या कुत्र्याच्या, मोत्याच्या, ओकारीतून त्यांनी चिमट्याने पानाचा लांबट तुकडा वर काढला होता. "म्हणजे कण्हेरीची विषबाधा. बाई, घरात कण्हेर आहे?"

होती. आमच्या दारासमोर, कुंड्यांत, ओळीने. पण आम्ही लावलेली नव्हती.

सत्तरच्या दशकात मी जिंतूरला शाळेत शिकवत होते. आम्ही बौद्ध आहोत, हे घरमालकिणीला आम्ही राहायला गेल्यावर कळलं. तोंडावर ती काही बोलली नाही. सामाईक ओसरीच्या मधोमध फक्त कुंड्या आल्या. पलीकडे तिचा पाण्याचा रांजण, अलीकडे आम्ही. शेजारणी म्हणायच्या, "फुलं लय छान आलीत की!" मला त्या फुलांचा राग यायचा.

आमच्या तांबूस मोत्याला मात्र असली हद्द कळत नव्हती. त्या सकाळी मालकिणीने कण्हेर छाटली आणि फांद्यांचा ढीग आमच्या उंबऱ्याशी टाकला. मी शाळेतून आले तेव्हा मोत्याच्या तोंडातून लाळ गळत होती, मागचे पाय लटपटत होते. ऊन लागलं असेल म्हणून पाणी पाजलं. तेही ओकला. त्याला उचलून तशीच निघाले.

जनावरांच्या दवाखान्यात बैल घेऊन माणसं बसलेली. "कुत्र्याला बी दवाखाना लागायलाय आता!" एकजण म्हणाला. सगळे हसले. मी मोत्याचं डोकं पदराने पुसत राहिले.

डॉक्टर छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत होते. "ॲरिदमिया. हृदयाची लय बिघडलीय, ठोके मंद पडलेत, मधेच चुकताहेत. हे विष थेट हृदयावर जातं. पान, फूल, खोड, सगळंच विषारी. शेळ्यासुद्धा मरतात."

ठोके वाढवायला ॲट्रोपिनचं इंजेक्शन दिलं. पोटातलं विष शोषून घ्यायला औषधी कोळशाची पूड पाण्यात कालवून पाजली. सलाईन लावलं. "उद्यापर्यंत टिकला तर आशा आहे," म्हणाले. खोटा धीर दिला नाही, हे बरं केलं.

सलाईन संपल्यावर मोत्याला घरी आणलं आणि मी मालकिणीला म्हणाले, "कुंड्या हलवा. झाड विषारी आहे."

"माज्या सासूच्या येळेपासून हाय. कुनी मेलं न्हाई. कुत्रं बांधा, न्हाईतर खोली सोडा."

"आणि फांद्या आमच्या दारात का टाकल्या?"

"मग कचरा कुटं टाकू?"

विष तिला ठाऊक होतं की नाही, मला आजही माहीत नाही. कचऱ्यासाठी तिने जागा कुणाची निवडली, ते माहीत आहे.

मी एकेक कुंडी उचलून तिच्या रांजणाला खेटून ठेवली. ती किंचाळली. तिने रांजण उपडा केला. आत मोत्या धापा टाकत पडलेला, आणि ही पाणी बाटल्याचं गल्लीभर सांगत फिरत होती.

मोत्या वाचला. पुढे बरेच दिवस थोडं पळाला तरी बसून घ्यायचा. त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरले नाही. तुमच्या घरी मुकं जनावर असेल तर कुंडीतल्या झाडाचं नाव आधी विचारा, फूल मग बघा. आणि जनावर लाळ गाळू लागलं तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. जे चघळलं ते पान घेऊन दवाखाना गाठा. लोक हसले तर हसू द्या.

आम्ही खोली सोडली. सामान गाडीत चढत असताना मालकीण दारात येऊन उभी राहिली.

"मास्तरीणबाई, बिचाऱ्या झाडाला दोस देऊ नका."

"झाडाला कुठे देतेय?" मी म्हणाले आणि मोत्याला गाडीत घेतलं.