अर्धी कडी

उद्या घाटाची शर्यत, आणि आज दुपारी गौतमीच्या सायकलची चेन सोळाव्यांदा उतरते. शेडमध्ये सायकलशेजारी पोतं टाकून ती आडवी होते, ती नुसती पाठ टेकायला. उन्हानं वरचा पत्रा कडकड वाजतोय. त्या कडकडीत हळूहळू फ्रीव्हीलची टिकटिक मिसळते. मागचं चाक आपोआप फिरतंय हे तिला कळतं, पण उठावंसं वाटत नाही.

चाकापलीकडे दस्तगीरचाचा उकिडवे बसलेत. जाऊन दहा महिने झाले, तरी कानावरची विझलेली बिडी जागच्या जागी.

"किती वेळा उतरली?"

"सोळा."

"माझी चाळीस वेळा उतरली होती. तोंड पाडू नकोस."

सायकल मुळात त्यांच्याच डोक्यातली. मागच्या चाकाला दोन फ्रीव्हील, एक लहान, एक मोठं, आणि चेन अशी वळवून घेतलेली की पेडल पुढं मारलं तर सपाटीचा वेग. उलटं मारलं तरी सायकल जाते पुढंच, फक्त इतकी हलकी होते की चढ चढ वाटत नाही. गेल्या वर्षी चाचा ती घेऊन शर्यतीला उभे राहिले, तेव्हा दरवर्षी स्वतःही शर्यतीत उतरणाऱ्या, सायकल क्लबच्या गव्हाणेंनी माइकवरून सांगितलं होतं की सर्कस पुढच्या महिन्यात आहे, चाचा जरा लवकर आले. अख्खा गाव हसला. यादीतून नाव खोडलं. चाचांनी आपल्या सायकल दुरुस्तीच्या दुकानाचं शटर ओढलं, ते परत उघडलंच नाही.

ते शटर आता गौतमीच्या दहावी 'ब'च्या वर्गात आहे, फळ्याच्या जागी. बाकांवर मुलांऐवजी चाकं बसलीत. चाचा पुढं झाले तशी एकेक गिरकी घेऊन हजेरी देतात. चाचा शटर वर ढकलतात. आत घाटाचं तिसरं वळण. वळणावर टेबल, टेबलामागे माइक धरलेले गव्हाणे, शेजारी त्यांची सत्तावीस गिअरची चकचकीत सायकल. आवाज येत नाही, नुसते दात दिसतात.

गौतमीच्या हातात पक्कड आहे. कधी आली, कोण जाणे.

"ब्रेकची वायर कापू?"

चाचा बराच वेळ त्या वायरकडे बघतात. नको म्हणणं त्यांच्या किती जिवावर आलंय, हे तिला सरळ दिसतं.

"कापलीस तर उद्या म्हणेल, वायर तुटली म्हणून हरलो. त्याला कारण ठेवायचं नाही, पोरी. एकसुद्धा नाही."

"म्हणजे अजून माफ नाही केलंत?"

"लई बघितलं करून. तिकडं वेळच वेळ असतो. नाही जमलं."

गौतमीला इतकं बरं वाटतं की काय सांगावं. तिलाही जमलेलं नाही. मग ती एका दमात रडगाणं गाते: कडी काढली की चेन पोचत नाही, ठेवली की झोल पडतो, आणि चाक मागं सरकवायला आता जागाच उरली नाही.

"माझीबी तीच चूक. पूर्ण कडी काढत बसलो."

चाचा कानावरची बिडी काढतात, आणि ती बिडी नसतेच. एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला अरुंद, लोखंडाची अर्धी कडी. ते ती तिच्या मुठीत दाबतात.

"त्याच्या शेजारून जाताना उलटं पेडल मार. सावकाश. त्याला नीट बघू दे."

गव्हाणेंच्या माइकमधून अखेर आवाज येतो, पण तो आईचा असतो. चहा गार होतोय म्हणून.

पत्रा कडकडतोय. चाक थांबलंय. गौतमीची उजवी मूठ मात्र उघडता उघडत नाही. एकेक बोट सोडवावं लागतं. तळहातावर काळं ग्रीस, त्यात रुतलेली अर्धी कडी. कोमट. तिला बिडीचा वास येतोय.

चहा गार होतो. कडी जिथल्या तिथं बसते. गौतमी पेडल उलटं फिरवते आणि चाक गुमान पुढं पळतं. झोल नाही, खडखड नाही.

ती पक्कड माइकसारखी तोंडाजवळ धरते.

"गव्हाणे साहेब," ती शांतपणे म्हणते, "सर्कस आली."