भिवा मेस्त्रीचं एकच वाक्य

भिवा मेस्त्री दुबईत रास अल खोरच्या एका कारखान्यात सुतार होता. कुडाळकडच्या त्याच्या गावात मात्र त्याला सुतार म्हणून कुणी फारसं विचारत नव्हतं. तिथं तो दशावतारातला राजा होता. देवळापुढच्या मांडवात माइक बंद पडला की बाकीचे नट घसा ताणायचे. भिवा नुसता बाकड्यावरून उठायचा आणि ‘प्रधानजी’ एवढंच म्हणायचा. पार मागे चहाच्या टपरीवर बसलेला माणूससुद्धा हातातला कप खाली ठेवायचा. असा आवाज होता त्याचा.

पण राजाच्या आवाजावर घर चालत नाही. नाटकाच्या मोसमात पोटापुरतं मिळायचं, पावसाळ्यात तेही बंद. मुलगी मनाली पाळण्यात असताना भिवा मेहुण्याच्या ओळखीनं विमानात बसला. त्यानंतर दर दोन वर्षांनी तो घरी जायचा, पण कारखाना सुट्टी द्यायचा ती तिथल्या ऐन उन्हाळ्यात, जून-जुलैत, दुबईत काम मंदावलं की. तेव्हा कोकणात आषाढ-श्रावण धो-धो कोसळत असायचा आणि दशावताराचे पेटारे माळ्यावर चढलेले असायचे. म्हणजे मनाली चांगली चौथीत गेली तरी तिनं आपल्या बापाला रंगमंचावर एकदाही पाहिलं नव्हतं. लोक तिला सांगायचे, तुझो बापूस म्हणजे काय राजा गो! ती ऐकून घ्यायची. घरात तिला दिसायचा तो दोन महिन्यांसाठी आलेला, हळू आवाजात बोलणारा, पावसात छपराची कौलं बदलणारा एक पाहुणा.

ही गोष्ट भिवाला फार लागून राहिली होती. बाकी कशाबद्दल त्याची तक्रार नव्हती. खोलीत आठ जण झोपायचे, उन्हाळ्यात नळाचं पाणी कढत यायचं, ते सगळं त्यानं निभावून नेलं. पण पोरीनं एकदा तरी आपल्याला नट म्हणून पाहावं, आपला खरा आवाज ऐकावा, एवढी एक इच्छा त्याच्या मनात घर करून बसली होती.

म्हणून मुनीर भेटला तेव्हा त्याला देवच पावल्यासारखं वाटलं. मुनीर मूळचा हैदराबादचा. परदेशी मंडळी दुबईच्या वाळूत सिनेमे, मालिका, जाहिराती करायला यायची, त्यांना गर्दीसाठी माणसं पुरवायचा त्याचा धंदा. शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी सकाळी तो बस घेऊन कारखान्याच्या फाटकाशी यायचा आणि ओरडायचा, “यल्ला, यल्ला! चलो! दाढीवाले पहले!”

आता परदेशी पडद्यावर आपल्यासारख्या तोंडांना कामं ती कसली? भिवा कधी इराकी झाला, कधी अफगाण, कधी इजिप्तचा भिकारी. मुंडासं बदललं की देश बदलला. कारखान्यातला फिलिपिनो वेल्डर बिचारा दरवेळी चिनी गुंडच व्हायचा. कुणी उंटाची दोरी धरायची, कुणी बंदूक घेऊन किंचाळत पळायचं आणि गोऱ्या नायकाची गोळी लागून पडायचं. भिवा छान मरायचा, त्यामुळे त्याला मरायचं काम बरेचदा मिळे. बोलायचं काम कधीच मिळालं नाही. बोलणारा अरब असला तर त्यासाठी लंडनहून माणूस यायचा, तोंडाला तपकिरी रंग फासून. भिवा ते रंगकाम लांबून बघायचा. दशावतारात प्रत्येकजण आपलं तोंड आपणच रंगवतो. या साहेबाला दोन पोरी मिळून रंगवायच्या आणि तरी कान गोरे राहायचे.

“मुनीरभाई, एक डायलॉग दिलवा दो. एकच,” भिवा दर शुक्रवारी म्हणायचा.

“इन्शाल्ला, भिवाभाई, इन्शाल्ला,” मुनीर म्हणायचा. इन्शाल्लाचा तिथला अर्थ, म्हणजे ‘बघू कधीतरी’, भिवाला एव्हाना चांगला ठाऊक झाला होता.

मग ती मोठी मालिका आली. शहराबाहेर वाळूत अख्खा जुना बाजार उभा केला होता आणि त्यातले दरवाजे भिवाच्याच कारखान्यानं बनवले होते. एका श्रीमंत व्यापाऱ्याच्या हिंदुस्थानी नोकराचं काम भिवाला मिळालं. काम सोपं. गोरा नायक दार ढकलून आत येणार, ‘तुझा मालक कुठं आहे?’ असं दरडावून विचारणार, नोकरानं थरथर कापायचं, मान खाली घालायची आणि गप्प राहायचं. मुनीरनं त्याला तीनदा बजावलं, “मुंह नहीं खोलना. खलास.”

पण दशावताराची एक रीत आहे. तिथं लिहिलेली संहिता नसते. रंगायच्या खोलीत कथा तेवढी सांगतात, बाकी सगळं रंगमंचावर उभ्या उभ्या सुचेल ते बोलायचं. समोरच्यानं प्रश्न टाकला की उत्तर द्यायलाच हवं. गप्प राहणं म्हणजे समोरच्या नटाला तोंडघशी पाडणं, त्याहून मोठं पाप नाही. पंधरा वर्षं हे भिवाच्या हाडीमाशी खिळलेलं. नायक आत आला, त्यानं त्वेषानं प्रश्न केला. दिवे होते, अंगावर पोशाख होता, समोर नट होता. भिवाची मान खाली जायच्याऐवजी वर गेली आणि तो बोलला, “स्वामी समुद्राकडे गेलेत. पण तू कोण, या वाड्यात पाय ठेवणारा?”

अस्सल मराठीत, आणि तोच टपरीपर्यंत पोचणारा आवाज. नायक एक पाऊल मागे सरकला. मुनीरनं कपाळावर हात मारून घेतला.

दिग्दर्शक खुर्चीतून उठून आला. आता हाकलतोय, असं सगळ्यांना वाटलं. त्यानं भिवाच्या खांद्यावर हात ठेवला आणि काहीतरी म्हणाला. मुनीर डोळे विस्फारून ऐकत होता. “भिवाभाई, उसको पसंद आया! तेरे को लाइन देता है बोलता!”

मुनीरकडून अर्थ विचारून घेऊन बेतलेली ती लाइन इंग्रजीत होती. ‘माय मास्टर हॅज गॉन टु द सी, सर.’ मालक समुद्राकडे गेले, एवढंच. पुढचा प्रश्न अर्थातच गळला, नोकरानं गोऱ्या साहेबाला ‘तू कोण’ विचारायचं नसतं. तरी भिवाला त्याचं काहीच वाटलं नाही. त्यानं ते वाक्य घोटून घोटून पाठ केलं आणि असं म्हटलं, की दिव्यांच्या मागे उभ्या असलेल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

त्या संध्याकाळी त्यानं शहरातल्या देरा बाजारात जाऊन फोनच्या खोक्यात कार्ड घातलं आणि गावी फोन लावला. शेजारच्या हलिमाचाचींच्या घरी फोन होता. प्रभावती, त्याची बायको, धावत आली. भिवानं तिला सांगितलं, मनालीला सांगितलं, चाचींनाही सांगितलं. मालिका यायला वर्ष गेलं. त्या वर्षभरात गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक झालं होतं, की भिवा मेस्त्री इंग्रजी मालिकेत बोललाय.

शेवटी देराच्या एका दुकानात मालिकेच्या सीडी आल्या. मुनीरनंच एक आणून दिली. कारखान्यातला धनंजय त्याच दिवशी सुट्टीवर निघाला होता, तोही कुडाळकडचाच. भिवाकडे सीडी लावायला यंत्र नव्हतं आणि धनंजयच्या टॅक्सीला उशीर होत होता. भिवानं ती न बघताच त्याच्या पिशवीत घातली. “मनालीच्या हातात दे,” म्हणाला. “शाळेतल्या मास्तरांना पण दाखवायला सांग.”

पुढच्या शुक्रवारी तो त्या दुकानात गेला. दुकानदारानं मोठ्या टीव्हीवर सीडी लावली. बाजार आला, दार उघडलं, भिवाचं तोंड पडदाभर दिसलं. डोळे, मान, उभं राहणं, सगळं त्याचं. ओठ हलले आणि आतून भलताच आवाज आला. चिरका, नाकातला, शब्दांना हेलकावे देणारा, शेवटच्या ‘सर’वर लोळण घेणारा. परदेशी लोक आपल्या माणसाची नक्कल करताना काढतात ना, तो आवाज. दुकानात दोघे-तिघे उभे होते, ते खो-खो हसले.

भिवानं दुकानदाराला पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा तेच झालं.

मुनीरला त्यानं गाठलं तेव्हा मुनीर नजर चुकवत होता. “मैं क्या करूं, भिवाभाई? वो चॅनलवाले बोले, ये आवाज नौकर की नहीं लगती. पब्लिक कन्फ्यूज होगी बोले. तो उधर लंडन में किसी से डब करा लिया.”

“माझ्यापेक्षा चांगला होता का तो?” भिवानं मराठीतच विचारलं.

मुनीरला प्रश्न कळला असावा. तो बसच्या दिशेनं चालू लागला.

भिवा त्या दिवशी गप्प राहिला असता तर? निदान पडद्यावरचं ते मुकं तोंड तरी त्याचं स्वतःचं राहिलं असतं. भिवाला हेच राहून राहून वाटत होतं. आपण उत्तर दिलं म्हणून त्यांनी वाक्य दिलं आणि वाक्य दिलं म्हणून आवाज काढून घेतला. आणि ती सीडी आता गावात पोचली होती. दोन दिवस त्यानं फोन केला नाही. तिसऱ्या दिवशी काम सुटल्यावर तो देरातल्या फोनच्या खोक्यापाशी जाऊन उभा राहिला. पोरीला काय सांगायचं ते त्यानं मनात जुळवलं होतं. तो मी नाही, बाय. माझा आवाज वेगळा. ऐक, आत्ता म्हणून दाखवतो.

फोन प्रभावतीनं घेतला. ती हळूच म्हणाली, “माका कळला, तो आवाज तुमचो न्हय. पण पोरीक मी काय सांगूक नाय. ती लय खूश आसा.”

तेवढ्यात मनालीनं तिच्या हातातून फोन ओढून घेतला. “बाबा! कसलो आवाज काढलात तुमी! दशावतारात बापये बायकांचो आवाज काढतत ना, तसो! मास्तरांनी आख्ख्या शाळेक दाखवल्यानी. सगळे पोटभर हसले. मी नकलांच्या स्पर्धेत तुमची नक्कल केलंय, माका पयलो नंबर!”

भिवानं डोळे मिटले. जुळवून ठेवलेलं सगळं त्याच्या ओठांवर होतं. मागे रांगेत माणसं खोळंबली होती, कुणीतरी खोक्यावर टकटक केलं.

“बाबा, तसा बोला मा एकदा. माज्यासाठी. हलिमाचाची पण आसत हंय, त्यांका ऐकवतंय.”

कार्डावरचे पैसे भराभर सरत होते. भिवानं घसा खाकरला. मग ज्या गळ्यातून ‘प्रधानजी’ निघायचं त्याच गळ्यातून त्यानं तो चिरका, नाकातला आवाज काढला, हेलकावे देत, शेवटच्या ‘सर’वर लोळण घेत, अगदी हुबेहूब.

पलीकडे मनाली टाळ्या पिटत होती. “परत, बाबा! परत!”

त्यानं परत म्हटलं.