पावणेपाचची घेरी

रारी गावात ऑर्फेलिना मुएना यांच्या हातची फुलपाखरं लगेच ओळखू येतात. घोड्याच्या शेपटीचे केस रंगवून विणलेली, एका पंखाला चौऱ्याऐंशी केस. एक कमी भरला तरी त्या पंख उसवतात. वय एकसष्ट. नवरा नाही, मुलगी सांतियागोला, शेजारच्या घरात भाऊ आणि भावजय झुनिल्दा.

मार्चमध्ये ताल्काच्या इस्पितळात त्यांचं सगळं जठर काढलं. कॅन्सर होता. घरी आल्या तेव्हा वजन पन्नास किलो चारशे ग्रॅम होतं. डॉक्टरांनी निघताना दोन आकडे सांगितले. तीन जून आणि सत्तेचाळीस. तीन जूनला केमोथेरपी ठरवायची. त्या दिवशी वजन सत्तेचाळीसच्या खाली असेल तर औषध शरीराला झेपेल याची खात्री नाही. आणि तारीख फार पुढे गेली तर औषधाचा उपयोग राहणार नाही.

इस्पितळातर्फे आहाराचं बघायला योस्मार नावाची मुलगी होती. मूळची व्हेनेझुएलाची, माराकाइबोची. तिने ऑर्फेलिनाबाईंच्या फोनवर खाण्याची नोंदवही घालून दिली. खायच्या आधी फोटो, मग किती खाल्लं, मग त्रास झाला का. दिवसातून सहा वेळा, थोडं थोडं.

“तोंडात जाईल ते सगळं लिहायचं, ऑर्फेलिनाबाई. गोळीसुद्धा.”

बाईंनी ते शब्दशः घेतलं. अर्धं उकडलेलं चेस्टनट लिहिलं. खोकल्याची गोळी लिहिली. एकदा पावाचा तुकडा खाली पडला आणि कोंबडीने नेला, तेही लिहिलं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात घेरी सुरू झाली. पाचच्या सुमारास छाती धडधडायची, कपाळावर घाम यायचा, हात इतका थरथरायचा की सुईत केस जाईना. अर्धा तास आडवं पडावं लागे. बाईंनी कारण शोधायची स्वतःची पद्धत लावली. विणीत चूक झाली की एकेक केस काढून बघतात, तशी. साडेतीनला दूध घेत होत्या, ते बंद केलं. घेरी आलीच. अंडं बंद केलं. मग भाजलेल्या गव्हाचं पीठ पाण्यात कालवून घेत, तेही गेलं. मेच्या पहिल्या सोमवारी गावच्या दवाखान्यात वजन भरलं सेहेचाळीस किलो शंभर ग्रॅम. नोंदवहीत दुपारच्या फोटोत आता फक्त एक बटाटा दिसत होता.

योस्मारने नोंदी पुन्हा पुन्हा वाचल्या. अंडं, दूध, बटाटा यांपैकी कशानेही अशी घेरी यायला नको होती. अशी घेरी जठर नसलेल्या माणसाला गोडाने येते. आणि वहीत गोड कुठेच नव्हतं. मंगळवारी पावणेपाचला तिने व्हिडिओवर फोन लावला.

बाई झुनिल्दाच्या स्वयंपाकघरात होत्या. मधे शेगडी, तिच्यावर किटली, भोवती विणणाऱ्या चार बायका. रोज दुपारचं हेच.

“खरं सांगा,” योस्मार म्हणाली, “साडेतीन ते पाचमध्ये काय खाता?”

“काही नाही.”

“बिस्किट? जॅम?”

“काही नाही म्हटलं ना, पोरी. मी लिहिते सगळं.” असं म्हणून बाईंनी हातातल्या भोपळ्याच्या पात्रातली नळी तोंडाला लावली आणि एक घोट घेतला.

“एक मिनिट. ते काय आहे?”

“हे? माटे.”

“म्हणजे काय असतं त्यात?”

“पाला. गरम पाणी.”

“आणि साखर!” मागून झुनिल्दा ओरडली. “माझ्या हातचा माटे आहे. नुसतं पाणी पाजत नाही मी कुणाला.”

“किती साखर?”

“आम्हाला दर खेपेला एक चमचा. ताईंना दोन. आजारी माणूस आहे, अंगात जीव नको?”

“आणि अशा किती खेपा होतात?”

“कोण मोजतंय!”

“सहा,” ऑर्फेलिनाबाई म्हणाल्या.

शेगडीभोवतीचं विणणं थांबलं.

“बारा चमचे,” योस्मार म्हणाली. “मोजत होतात, मग लिहिलं का नाहीत?”

“तू खाणं-पिणं लिही म्हणालीस. हे खाणं नाही आणि पिणंही नाही. हे बसणं आहे.”

योस्मारने समजावून सांगितलं. जठर नाही, त्यामुळे साखर थेट आतड्यात उतरते. घाम आणि धडधड त्याचीच. दूध, अंडं, पीठ आजपासून परत सुरू. साखर बंद. झुनिल्दाने किटली खाली ठेवली.

“म्हणजे ताईंना रोज मी पाडत होते?”

“तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं,” योस्मार म्हणाली. “मलाही विचारायचं सुचलं नाही. आमच्याकडे कॉफी असते.”

अडचण पुढे होती. पात्र एकच, तेच सगळ्यांच्या हातात फिरतं आणि साखर पाल्यात मुरते. बाईंना बिनसाखरेचा द्यायचा तर चौघींनाही तसाच घ्यावा लागणार.

“कडू माटे घोड्याला पाजा,” विणणाऱ्यांतली ब्रिहिदा म्हणाली. ती सत्तरीची, तिला एक चमचाही कमीच वाटतो.

“घोड्याचं शेपूट धरून बसली आहेस दिवसभर, तुला काय फरक पडतो?” ऑर्फेलिनाबाई म्हणाल्या. “तुम्ही घ्या गोड. मी घरी बसते.”

“बसा घरी!” झुनिल्दा म्हणाली. “आणि उद्या कुणी विचारलं तर मी काय सांगू, नणंदेला हाकललं म्हणून?”

दुसऱ्या दिवशी ती लिनारेसच्या बाजारातून दुसरं पात्र घेऊन आली. तेव्हापासून ती दोन पात्रं भरते. एक फिरतं, एक फक्त ऑर्फेलिनाबाईंकडे जातं. पहिल्या दिवशी बाईंनी तोंड वाकडं केलं, पण फोटो काढला आणि लिहिलं, ‘माटे, साखर नाही, सहा. त्रास नाही.’

दूध आलं, अंडं आलं, पीठ आलं. वजन मात्र लगेच वळलं नाही. पुढच्या सोमवारी उलट शंभर ग्रॅम कमी भरलं. झुनिल्दा नर्सला म्हणाली, “तुमचा काटा बिघडलाय.” त्याच्या पुढच्या सोमवारी सेहेचाळीस चारशे भरलं, नंतर सेहेचाळीस सहाशे.

तीन जूनला दोघी नणंद-भावजय ताल्काला गेल्या. नर्सने बूट काढायला लावले, लोकरी शाल काढायला लावली. काट्यावर सेहेचाळीस आठशे दिसलं.

“दोनशे ग्रॅमसाठी काय अडवताय, डॉक्टर,” झुनिल्दा म्हणाली. “शालच तेवढी असेल.”

डॉक्टर संगणकाकडे वळले. योस्मारने पाठवलेल्या नोंदी त्यांच्यासमोर उघड्या होत्या. सत्तावीस दिवस, सहा वेळचे फोटो, एकही खेप रिकामी नाही, एकही घेरी नाही. त्यांनी वजनाचे आकडे वरून खाली दोनदा पाहिले.

“आकडा कमी आहे,” ते म्हणाले. “पण तीन आठवडे सलग वर जातोय. थांबण्यात धोका जास्त आहे. गुरुवारी सुरू करू. सकाळी साडेआठ ते दुपारी एक.”

ऑर्फेलिनाबाईंनी फोन काढून वेळा पाहिल्या.

“साडेनऊला आणि बाराला माझं खाणं असतं,” त्या म्हणाल्या. “सलाइन लावलेली असताना खाता येईल ना?”

“येईल.”

“मग चालेल,” त्या म्हणाल्या आणि शाल अंगावर घेऊन बूट घालायला बसल्या.