साखरबाईच्या बेटाला सून

उजनीचं पाणी चढलं की भिगवणजवळच्या त्या टेकाडाचं बेट व्हायचं, आणि बेटावरच्या आठ-दहा घरांची पुढारीण व्हायची साखरबाई. बाई कसली, चालतंबोलतं पाटबंधारे खातं! पूर्वी पाणी पोळ्याच्या सुमाराला यायचं. नव्वद सालानंतर पावसाचं काही खरं राहिलं नाही. कधी आषाढातच पाणी उंबऱ्याला लागायचं, कधी दसरा उलटला तरी पत्ता नाही. वस्तीतले बाप्ये नशिबाला बोल लावत बसले, तशी साखरबाई कडाडली, "आपून मेंढरं राखणारी माणसं. पाऊस बदलला की आपला तळ हलायचा का न्हाय? मंग आता का हातपाय गाळून बसलाय?"

तिनं ज्वारीच्या कणग्या मचाणावर चढवल्या, शेळ्या वरच्या अंगाला नेल्या, रिकाम्या पिंपांवर फळ्या ठोकून तराफा करवला. सगळं केलं, पण स्वतःला पोहता येत नाही हे काही कुणाला सांगितलं नाही. माळ तुडवण्यात जन्म गेलेला, पाण्याशी संबंध घागरीपुरता. तराफ्याच्या मधोमध बसायची आणि वर तोऱ्यात म्हणायची, "मधी बसलं की वजन सारखं ऱ्हातं!"

खरी पंचाईत होती युवराजच्या लग्नाची. पोरगा गुणाचा, पण बेटावर पोरगी द्यायला कुणी तयार होईना. एकुलता एक पोरगा बिनलग्नाचा राहतो की काय, या धास्तीनं साखरबाईला अन्न गोड लागत नव्हतं. अखेर पणदऱ्याचे दादासाहेब घर बघायला आले. बरोबर पोरगी, मनिषा. "ऱ्हायचं मला हाय, तर घर मीच बघणार," असं म्हणून आली होती म्हणे. ऐकावं ते नवलच!

काठावर तराफा बघून दादासाहेब दोन पावलं मागं सरकले. "ह्याच्यावर? न्हाय बा!"

"आवं, पाळणा हाय पाळणा! ह्ये बघा!" असं म्हणत साखरबाई जोशात पार कडेला गेली आणि दाणकन पाय आपटला. तराफा कलला, बाई पाण्यात!

युवराज दोर धरून हसत उभा. आई पावण्यांना बुडी मारून दाखवतीय, असंच त्या येड्याला वाटलं. मनिषा मात्र कालव्याकाठची पोरगी. तिनं पदर खोचला, उडी घेतली आणि होणाऱ्या सासूला अंबाड्याला धरून काठावर ओढून आणलं.

पाणी ओकून झाल्यावर साखरबाईला रडूच फुटलं. सोयरीक गेली, लाजही गेली. "दादासाहेब, मला पवता येत न्हाय. वस्तीतल्या येकाबी बाईला येत न्हाय. आता खुशाल न्या तुमची पोरगी."

"चल मनिषा," दादासाहेब म्हणाले.

मनिषा पदर पिळत जागची हलली नाही. "आबा, मी गेल्यावर ह्या बाया बुडतील की. मला ह्येच घर पसंत हाय."

दादासाहेबांनी बरंच डोकं खाजवलं, पण पोरगी बधली नाही.

पुढच्या साली पाणी पुन्हा अवेळीच चढलं. भर दुपारी काठावर वस्तीतल्या बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या, आणि पाण्यात नऊवारीचा काष्टा कसून, पाठीला डालड्याचा रिकामा डबा बांधून साखरबाई गटांगळ्या खात होती. शेजारी सून ओरडत होती, "आत्या, पाय मारा पाय! नुसत्या तोंडानं पवता येत न्हाय!"

आणि जन्मात कुणाचं न ऐकलेली साखरबाई मुकाट पाय मारत होती.